फियाट डिलाइटच्या इंजिनाचे पार्ट कुठे मिळतील? आधी मापं, मग बाजार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की आजोबांची १९६७ ची फियाट ११०० डिलाइट सांगलीला शेडमध्ये कित्येक वर्षं उभी आहे, इंजिन जाम झालंय, तिथला मेकॅनिक म्हणतो याचे पार्ट आता मिळत नाहीत, मारुतीचं इंजिन टाकून देतो, आणि तुम्हाला गाडी तिच्या मूळ इंजिनावरच चालवायचीय. तर पार्ट शोधायचे कुठे?

पार्ट मिळतात. सगळे एका दुकानात नाही मिळणार, सगळे नवे पण नाही मिळणार, आणि दोन-चार करून घ्यावे लागतील, पण हे इंजिन उभं राहतं. जुन्या इंजिनांची कामं मी बरीच वर्षं करतोय त्यामुळे हे अगदी ठामपणे सांगतो.

इंजिन बदलायचा विषय आधी संपवू. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले, पहिल्या रजिस्ट्रेशनपासून पन्नास वर्षं उलटलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिला 'व्हीए' सिरीजचा नंबर मिळतो, पण अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल केलेला नसावा. तुमची गाडी वयात बसते. मारुतीचं इंजिन टाकलंत की तो रस्ता बंद करून घेतलात, वर आरसीवर इंजिन बदलाची नोंद, त्याचे कागद, गिअरबॉक्स जुळवायला अडॅप्टर, इंजिन माउंटिंग कापाकापी हे सगळं आलंच. त्या खटाटोपात जेवढा पैसा जातो तेवढ्यात मूळ इंजिन बांधून होतं. ब्लॉकवरचा (इंजिनाच्या मुख्य लोखंडी सांगाड्यावरचा) नंबर आरसीशी जुळतोय ना हे आजच बघून ठेवा, आणि जुळत असेल तर तो ब्लॉक काही झालं तरी भंगारात द्यायचा नाही.

आता पार्ट का मिळतात ते सांगतो, म्हणजे शोधायचं कसं ते आपोआप कळेल. प्रीमियरने कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० बांधायला घेतली, म्हणजे आपली डुक्कर फियाट, मग डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी, आणि ही पद्मिनी २००० च्या आसपासपर्यंत निघत होती. या सगळ्या पेट्रोल गाड्यांत मूळ रचनेने एकच इंजिन आहे, चार सिलिंडर, पुशरॉडवाला (व्हॉल्व्ह उघडायला उभ्या काठ्या असलेला), १०८९ सीसी, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५ मिमी, कास्ट आयर्नचा ब्लॉक, वर झाकणासारखं ॲल्युमिनियमचं हेड, क्रँक (पिस्टनची चाल फिरतीत बदलणारा दांडा) तीन मेन बेअरिंगांवर. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या याच इंजिनावर धावल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. म्हणजे परवा-परवापर्यंत या इंजिनाला रोज पार्ट लागत होते आणि कुणीतरी ते बनवत होतं, विकत होतं. तो माल एका दिवसात गायब होत नाही. दुकानांच्या माळ्यावर, बंद पडलेल्या गॅरेजांत, टॅक्सीवाल्यांच्या घरी पेट्यांत तो पडून आहे. फक्त 'डिलाइटचा पिस्टन आहे का' असं विचारलंत तर काउंटरवरचा पोरगा नाहीच म्हणणार, पद्मिनीचा विचारा. आणि पद्मिनी म्हणताना पेट्रोल म्हणा, कारण तिचं डिझेल मॉडेल पण होतं आणि प्रीमियरचीच ११८ एनई नावाची दुसरी गाडी पण होती, ती दोन्ही इंजिनं पूर्ण वेगळी आहेत, त्यांचा एक बोल्ट सुद्धा तुमच्या कामाचा नाही असंच समजून चाला.

पण बाजारात जायच्या आधी इंजिन खोलून मापं काढल्याशिवाय एक रुपयाचा पार्ट घेऊ नका. हे मी ओरडून सांगतोय कारण लोक नेमकं उलट करतात, आधी पार्ट जमवतात आणि मग इंजिन खोलतात, आणि त्यातला निम्मा माल चुकीच्या साइजचा निघतो, जुन्या मालाला परतावा कुणी देत नाही.

जाम इंजिन स्टार्टर मारून किंवा गाडी ओढत गिअर टाकून सोडवायचं नाही. रिंगा तुटतात आणि पिस्टनच्या खाचा फुटतात, जो पार्ट कदाचित वाचला असता तो तुमच्याच हाताने जातो. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगचं लाल ऑइल मिसळून सोडा, झाकून ठेवा, आठ-दहा दिवस रोज थोडं घालत राहा आणि मग पुढून हँडलने हलक्या हाताने दोन्हीकडे हलवून बघा. सरकलं तर उत्तम. नाही सरकलं तर हेड काढून वरून लाकडाच्या ठोकळ्याने हलके ठोके, तेही पिस्टनच्या मधोमध नाही, कडेच्या जवळ. हेड स्टडवर गंजून अडकलं असेल तर फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, ॲल्युमिनियमला खाच पडली की गॅस्केट कधीच धरत नाही. गरम करा, तेल सोडा, वाट बघा.

खोलताना प्रत्येक गोष्टीला खूण करा. मेन बेअरिंगच्या कॅप आणि कनेक्टिंग रॉडच्या कॅप ज्याच्या त्याला आणि ज्या तोंडाने होत्या त्याच तोंडाने बसल्या पाहिजेत, त्या जोडीने मशीन केलेल्या असतात, अदलाबदल झाली तर नवे बेअरिंगही चालत नाही. पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने लावून ठेवा. आणि इंजिन चालू होऊन महिनाभर फिरेपर्यंत एकही जुना पार्ट, एकही फाटकं गॅस्केट, एकही तुटकी स्प्रिंग फेकायची नाही. बाजारात हाच तुमचा नमुना असतो.

मग ब्लॉक आणि क्रँक धुऊन चांगल्या लेथवाल्याकडे न्या, ज्याच्याकडे बोअर डायल गेज आणि मायक्रोमीटर आहे अशा. बोट फिरवून 'ठीक आहे' म्हणणारा नको. बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवं आणि उभं मोजायचं, झीज सगळ्यात जास्त वरच्या रिंगच्या जागी सापडते. माझा ठोकताळा असा की झीज ०.१५ मिमीच्या पुढे गेली तर नुसत्या रिंगा बदलून पैसे वाया जातात, बोअर करावंच लागतं, म्हणजे सिलिंडर मशीनवर थोडा मोठा करून घ्यावा लागतो. क्रँकचे जर्नल (बेअरिंगात फिरणारे त्याचे गोल भाग) पण असेच दोन बाजूंनी मोजायचे, अंडाकृती झालेत का, एका टोकाला निमुळते झालेत का. क्रँकची मॅग्नेटिक टेस्ट करून घ्या, हेडची डाय टेस्ट. हेडवर लाल डाय लावून पुसतात आणि वरून पांढरी पावडर मारतात, दोन व्हॉल्व्ह सीटच्या (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्यांच्या) मधल्या पट्टीवर बारीक लाल रेघ उमटली तर समजा क्रॅक आहे. कोरड्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. हे हेड विकत घ्यायचं असेल तेव्हा तर फारच कामाला येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ब्लॉक आधी बोअर करायचा नाही! आधी पिस्टन मिळवायचे, ते हातात आले की त्यांच्या मापाला ब्लॉक बोअर करायचा. मोजमापातून तुम्हाला एवढंच कळतं की कमीत कमी किती मोठ्या पिस्टनाला ब्लॉक साफ होईल, समजा ०.४० ला (म्हणजे मूळ मापापेक्षा ०.४० मिमी मोठ्या पिस्टनाला) साफ होतो, तर ०.४० आणि त्यावरचं जे मिळेल ते चालेल. बाजारात ०.४० नसेल आणि ०.६० चा सेट मिळाला तर ०.६० घ्या, काही बिघडत नाही. पण आधीच ०.४० ला बोअर करून बसलात आणि पिस्टन मिळेना, तर पुढची साइज मिळेपर्यंत ब्लॉक तसाच कोपऱ्यात पडतो, असे पडलेले ब्लॉक मी गॅरेजांमध्ये पुष्कळ बघितलेत. आणि ब्लॉक शेवटच्या साइजच्या पलीकडे गेला असेल तरी रडायचं कारण नाही, चारही बोअरला स्लीव्ह (आत बसवायची नवी नळी) मारून परत स्टँडर्ड ६८ ला आणता येतो, मग उलट स्टँडर्ड पिस्टन शोधायचे.

पुण्यात नाना पेठेत एका जुन्या दुकानदाराकडून मी हा माल घेत आलोय. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, गाडीचं नाव विचारत नाहीत, जुना पिस्टन मागतात, व्हर्निअर लावतात, उलटा करून गजन पिनचं (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनचं) भोक बघतात आणि मग पोऱ्याला शिडीवर चढवतात. मेणकागदात गुंडाळलेला सेट खाली येतो, पिस्टनच्या डोक्यावर साइजचा पंच मारलेला असतो तो आधी वाचायचा. डब्यावरचं लेबल वाचू नका, डबे बदललेले असतात, पंच बदलत नाही. तिथेच चारही पिस्टन वजनकाट्यावर टाकून घ्या, चारांत दोन-चार ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. व्यास पिनच्या काटकोनात, स्कर्टला, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भागाला मोजायचा, वर डोक्याला नाही. आणि पिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची जुन्या पिस्टनशी ताडून बघा, ती वेगळी असेल तर बोअर जुळूनही पिस्टन कामाचा नाही, एक तर कॉम्प्रेशन पडेल नाहीतर व्हॉल्व्हला लागेल. चारही पिस्टन ब्लॉकसोबत लेथवाल्याला द्या आणि कुठला पिस्टन कुठल्या सिलिंडरचा ते नंबर टाकून घ्या.

रिंगा आल्यावर पिस्टनवर चढवायच्या आधी प्रत्येक रिंग त्याच्या बोअरमध्ये सरकवा, पिस्टन उलटा धरून तिला सरळ खाली ढकला आणि टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. ६८ च्या बोअरला साधारण ०.२ ते ०.३ मिमी पाहिजे. फट कमी असेल तर बारीक कानसने टोक घासता येतं, म्हणून जरा घट्ट रिंग चालते, ढिली चालत नाही.

क्रँकचं गणित पण असंच उलटं. आधी बेअरिंग शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) कुठल्या साइजचे मिळतात ते बघायचं, मग क्रँक ग्राइंड करायचा. शेलच्या पाठीवर साइज कोरलेली असते, स्टँडर्ड, ०१०, ०२०, ०३०, हे इंचाचे हजारांश. लेथवाल्याला नुसतं 'ट्वेंटी कर' म्हणू नका, शेल त्याच्या हातात द्या आणि ग्राइंडिंग करताना जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई राखायला सांगा, तो कोपरा काटकोन करून टाकला की क्रँक तिथूनच तुटतो. क्लिअरन्स (जर्नल आणि शेलमधली फट) ढोबळमानाने जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा, म्हणजे ५० मिमीच्या जर्नलला ०.०५ च्या आसपास, आणि तो प्लॅस्टिगेज (दाबल्यावर रुंदीवरून फट सांगणारी प्लास्टिकची तार) ठेवून स्वतः बघायचा.

शेल मिळालेच नाहीत तर दुसऱ्या इंजिनाचे लागतात का हे बघता येतं. चार मापं जुळवायची, घराचा (शेल बसतो त्या जागेचा) आतला व्यास, शेलची जाडी, रुंदी आणि कानाची (शेल अडकवणाऱ्या बारीक जिभेची) जागा, वर तेलाच्या भोकाकडे लक्ष. रुंदी जास्त असेल तर कमी करून घेता येते, जाडीत तडजोड नाही. बेअरिंग कंपन्यांचे जुने कॅटलॉग मापांसकट असतात, असा कॅटलॉग कुठे दिसला तर सगळी पानं फोटो काढून ठेवा.

बाजार कुठले, तर तुम्हाला जवळ कोल्हापूर आणि पुणे. पुण्यात नाना पेठ नव्या आणि पडून राहिलेल्या मालासाठी, बुधवारी आणि रविवारी जुना बाजार किरकोळ वस्तूंसाठी. मुंबईत ऑपेरा हाउसकडची स्पेअर्सची दुकानं, आणि कुर्ल्याला सीएसटी रोडचा भंगार बाजार, कारखानाच कुर्ल्यात असल्यामुळे तिथल्या जुन्या लोकांना ही गाडी तोंडपाठ आहे. चोर बाजारात इंजिनाचं फार काही मिळत नाही, मीटर, हँडल, बिल्ले यासाठी जा. महाराष्ट्राबाहेर दिल्लीला काश्मिरी गेट, चेन्नईला पुदुपेट, कोलकात्याला मलिक बाजार. जुन्या डब्यांवर इंडिया पिस्टन्स, गोएट्झे, बायमेटल अशी नावं दिसली तर हात पुढे करा, पण नक्कल इथेही आहे, म्हणून मोजल्याशिवाय खिशात हात घालायचा नाही. आणि शक्यतो स्वतः जा, सकाळी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा, नमुना घेऊन. फोनवर 'आहे' म्हणणारे खूप, पार्सल उघडल्यावर वेगळंच निघतं.

टॅक्सीचं जुनं अख्खं इंजिन मिळालं तर घ्यावं का? किंमत वाजवी असेल तर जरूर घ्या, पण पार्टसाठी घ्या, तुमच्या गाडीत बसवायला नाही. रॉकर शाफ्ट, टायमिंग कव्हर, संप (खालचं तेलाचं भांडं), फ्लायव्हील, पुशरॉड, मॅनिफोल्ड, वॉटर पंपची बॉडी, सगळे खास आट्यांचे बोल्ट, हे सगळं त्यातून निघतं आणि हेच सुटं शोधायला गेलात तर वर्ष जातं. बरोबर विक्रीची पावती आणि गाडी रीतसर मोडीत काढल्याचा कागद मागा. बऱ्याच टॅक्स्या सीएनजीवर होत्या, त्यांच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह सीट झिजून आत बसलेल्या असतात, तेव्हा सीट नव्या टाकायच्या हिशोबानेच हेडचा भाव करा. त्या इंजिनातला पार्ट तुमच्या इंजिनात तसाच बसेल असं धरून चालू नका, वर्षागणिक बारीक बदल होत गेलेत.

आणि काही गोष्टी शोधतच बसू नका, करून घ्या. व्हॉल्व्ह गाईड (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळ्या) लेथवर फॉस्फर ब्राँझचे किंवा कास्ट आयर्नचे होतात. सीट कडक मटेरियलच्या टाका, शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, जुन्या सीटना त्या शिशाचा आधार होता. वॉटर पंपचं बेअरिंग नंबरावर मिळतं, सील मापावर मिळतं, स्पिंडल टर्नर करून देतो, पंप झाला! ऑइल सील पण आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी सांगून घ्यायचा, गाडीचं नाव सांगायची गरजच नाही. टायमिंग चेन पिच आणि कड्या मोजून. कागदी आणि कॉर्कची पॅकिंगं शीट आणून घरी कापा. जुनं हेड गॅस्केट खरवडताना मात्र ओलं करून खरवडा आणि मास्क लावा, त्यात ॲस्बेस्टॉस असतं.

ओतकामासाठी कोल्हापूर. शिवाजी उद्यमनगरात आजही असे लोक आहेत जे एका नगाचं काम मनापासून करतात, तडकलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड किंवा खाऊन गेलेलं थर्मोस्टॅट हाउसिंग दाखवलं तर नवं ओतून मशीन करून देतात. इथे एक लक्षात ठेवा, जुना पार्टच साचा म्हणून वाळूत दाबला तर नवा लहान येतो कारण धातू थंड होताना आकसतो, कास्ट आयर्न साधारण एक टक्का, ॲल्युमिनियम त्याहून थोडं जास्त. लांब मॅनिफोल्डवर एवढ्यात सगळी भोकं सरकतात. म्हणून पॅटर्नवाल्याकडून लाकडाचा वाढीव पॅटर्न करून घ्या, खर्च होतो पण पॅटर्न तुमच्याकडे राहतो आणि दुसऱ्या फियाटवाल्याच्याही उपयोगी पडतो.

जुना पण न वापरलेला माल घेताना धातू आणि रबर यांना वेगळा न्याय लावा. तेलकट कागदातला चाळीस वर्षांचा पिस्टन सोन्यासारखा असतो, तेवढंच जुनं रबर सील डब्यातच मेलेलं असतं. पेट्रोल पंपाचा डायफ्राम, कार्ब्युरेटरचे वॉशर, पेट्रोलचे पाइप हे सगळं आत्ताचं आणि इथेनॉल सहन करणारं घ्या, आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि ते जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं. गळती झाली तर खालीच गरम एक्झॉस्ट असतो, हा विषय हलक्यात घेऊ नका.

परदेशातून मागवायचा मोह होईल, इटलीत या गाड्यांचे शौकीन भरपूर आहेत आणि माल चांगला असतो. पण मोठा घोळ इथेच आहे. इटलीतली ११०० डी ही १२२१ सीसीची, बोअर ७२ मिमी, आणि आपली ११०० डी, म्हणजे तुमची डिलाइट, १०८९ ची, बोअर ६८. नाव तेच, पिस्टन वेगळा, हेड गॅस्केटची भोकं वेगळी. तिकडून मागवायचं तर ११०० आर किंवा जुनी १०३ सिरीज, १०८९ सीसी, असं स्पष्ट लिहा, आणि तरीही पिनचा व्यास, पिस्टनची उंची यांची मापं पाठवून त्यांच्याकडून व्हर्निअर लावलेला फोटो मागवा. कुरिअर आणि कस्टम धरून भाव कितीतरी वाढतो, म्हणून इथे सगळीकडे फिरून झाल्यावरच तिकडे वळा.

तुमच्या केसमध्ये मी आधी इंजिन सोडवून खोलेन, मापं आणि क्रॅक टेस्ट एकाच फेरीत करेन, मग पिस्टन आणि शेल हे दोनच शोधायला निघेन, कारण बाकी सगळं करून घेता येतं, या दोघांवर पुढचं सगळं मशीनिंग अडलेलं असतं. ते हातात येईपर्यंत ब्लॉक आणि क्रँकला तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, सांगलीच्या पावसाळ्यात उघडा ठेवलेला क्रँक लगेच गंज धरतो. मेकॅनिक बदलायची गरज नाही, त्याला मापं दाखवा, पार्ट मिळतायत हे दिसलं की तोच उत्साहाने काम करेल.

इंजिन खोललंत की चारही बोअरची मापं, जर्नलची मापं, जुन्या पिस्टनवरचा पंच आणि शेलच्या पाठीवरचा नंबर एवढं लिहून कळवा, मग कुठली साइज शोधायची आणि सुरुवात नाना पेठेतून करायची की कुर्ल्यातून ते सांगतो.